मदत हवी: किलोला २००० मिग्रॅच्या डोसला दोन रॅट गेले, डिंक विषारी आहे का?

एमफार्म_त्रस्त: कोणीतरी लवकर सांगा. अ‍ॅक्यूट ओरलमध्ये (तोंडावाटे डोस देऊन विषारीपणा बघायची चाचणी) तीनपैकी दोन रॅट गेले. गाईड म्हणतात विषय बदल. डिंक बाईंडर (गोळी बांधून ठेवणारा) म्हणून वापरून टॅबलेट काढून झाल्या, हार्डनेस, डिसइंटिग्रेशन (गोळी फुटायला लागणारा वेळ) सगळं मस्त. सोमवारी सेमिनार आहे.

वैदर्भी७४: कोणता डिंक? झाडाचं नाव लिही ना पोरी.

एमफार्म_त्रस्त: धावडा. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणला.

वैदर्भी७४: धावड्याचे लाडू आमच्याकडे बाळंतिणीला देतात. विषारी काऊन असेल बाप्पा?

गोळीवाला: लाडवाने सेफ्टी सिद्ध होत नाही. बाजारच्या डिंकात साल, माती, दुसरा डिंकही असतो. शुद्ध केला होता का? हेवी मेटल (जड धातू) आणि मायक्रोबियल लिमिट (जंतूंचं प्रमाण) आधी बघा.

एमफार्म_त्रस्त: पाण्यात भिजवून मलमलमधून गाळला, अल्कोहोल घालून पाण्यातून वेगळा पाडला, ४५ डिग्रीला वाळवला. हे सगळ्यांनाच माहीत असतं.

नको_प्राणी: सेल लाईनवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर) करा. जीव कशाला घेता?

गोळीवाला: सेल लाईनवरून तोंडावाटे दिलेल्या डोसचं उत्तर मिळत नाही. त्यावर वेगळा धागा काढा.

नको_प्राणी: काढतोच.

जुना_टॉक्सी: मूळ प्रश्न राहूनच गेला. ओईसीडी ४२३ (अ‍ॅक्यूट ओरलची आंतरराष्ट्रीय ठरलेली पद्धत) ना? रॅट किती वेळात गेले? किती मिलीत दिलं?

एमफार्म_त्रस्त: हो, ४२३. २०० ग्रॅमचे रॅट, ४०० मिग्रॅ, २ मिलीत. दहा मिनिटांत गेले. नाकातून फेस आला होता.

जुना_टॉक्सी: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! २० टक्के धावडा म्हणजे खळ. गॅव्हेज सुई (तोंडातून पोटात डोस सोडायची) अडली असेल, तू पिस्टन जोरात दाबला असशील. दहा मिनिटांत फेस म्हणजे मला फुप्फुसात गेल्याचं दिसतंय, विषाचं नव्हे. पाण्यातला डोस १०० ग्रॅमला २ मिलीपर्यंत चालतो, म्हणजे ४ मिली घे. तरी दाट वाटला तर २४ तासांच्या आत तुकड्यांत द्यायची मुभा आहे. शवविच्छेदन केलं?

एमफार्म_त्रस्त: नाही. फ्रीजमध्ये ठेवलेत.

जुना_टॉक्सी: फ्रीज की फ्रीजर?

एमफार्म_त्रस्त: फ्रीजर.

जुना_टॉक्सी: अगं! हिस्टो (अवयवांची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) गेलं. आता निदान श्वासनलिका उघडून बघ, फोटो काढ. आणि एथिक्स कमिटीला, व्हेटला आज कळव. लपवून परत डोस देऊ नको.

एमफार्म_त्रस्त: उघडलं. एकाच्या श्वासनलिकेत पिवळसर चिकट दोरी, चिमट्याने ओढली तर सलग आली. दुसऱ्याचं नीट दिसत नाही. तिसरा रॅट खातोय-पितोय.

जुना_टॉक्सी: तिसऱ्याला १४ दिवस बघ, वजनं लिही. दुसऱ्याचं 'कारण अनिश्चित' असंच लिही, ओढूनताणून बसवू नको. विषय बदलायची घाई नाही.

वैदर्भी७४: डिंक तुपात तळताना फुलत नाही, आतून कच्चा राहतो. कोणाला माहीत आहे का?