'इन्जीनियस'चं मूळ आणि कापसाचं जिनिंग

इंग्रजी 'इन्जीनियस' (ingenious, म्हणजे कल्पक) हा शब्द अरबी 'जिन'वरून, म्हणजे अल्लाउद्दिनच्या दिव्यातल्या राक्षसावरून आला असेल, असं कुणाला वाटू शकतं. तसं नाही. मूळ लॅटिन 'इन्जेनियम', म्हणजे जन्मजात बुद्धी, अंगचा गुण. त्यातला 'जेन' हा धातू आपल्या 'जन्'चा सख्खा भाऊ, जन्म आणि जनक ज्यातून आले तोच. दिव्यातल्या राक्षसाचा गोंधळ फ्रेंचांमुळे झाला. अरबी कथांचा अनुवाद करताना त्यांना 'जिन्नी'शी (म्हणजे जिनशी) उच्चाराने जुळणारा स्वतःच्या भाषेतला 'जेनी' हा शब्द आयता सापडला.

खरी गंमत पुढे आहे. इन्जेनियममधून जुन्या फ्रेंचमध्ये 'आन्जां' आला. आधी अर्थ हुशारी, मग युक्ती, मग युक्तीने बनवलेलं यंत्र, विशेषतः लढाईतलं. तेच इंग्रजीत 'एंजिन', आणि ती यंत्रं बनवणारा तो इंजिनियर. (घरोघरी इंजिनियर असलेल्या आपल्याकडे हे सांगायला बरं वाटतं!) याच एंजिनचं तोंड तुटून 'जिन' उरला. सरकीपासून रुई वेगळी करणारं अमेरिकन संशोधक एली व्हिटनीचं 'कॉटन जिन', पेटंट 1794 चं. म्हणजे यवतमाळ-जळगावकडची जिनिंग फॅक्टरी आणि इन्जीनियस माणूस एकाच कुळातले.

इंग्रजीतलाच 'इन्जेन्युअस' (ingenuous) हा शब्द मात्र वेगळा, त्याचा अर्थ निष्कपट, भोळा. 'इन्जेन्युइटी' खरं तर त्याचं भाववाचक नाम, पण लोकांनी घोळ घालून ते कल्पकतेला चिकटवलं. 'इन्जीनियस'ला मराठीत मी 'कल्पक' म्हणेन. 'प्रतिभावान' फार जड होतं, ते कवींसाठी राहू द्या.