सदाशिव पेठ की वाघोली? बजेट ६० लाख

दोन_टोकं: बायको खराडीला आयटीत, माझं दुकान लक्ष्मी रोडला. सोबत आई, वय ६९. सगळा खर्च धरून ६० लाख. पेठेत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके मिळतोय, लिफ्ट नाही. तेवढ्यातच वाघोलीत नवाकोरा टू बीएचके, पोहण्याचा तलाव वगैरे. काय करावं? कोथरूड सुचवू नका, परवडत नाही.

जुना_कोथरूडकर: कोथरूड बघा. थोडं ताणलं तर ९५ मध्ये होईल. मी २००४ ला घेतला तेव्हा लोक हसले होते.

टँकरग्रस्त: वाघोलीत चार वर्षं काढलीत. तलाव आहे, पाणी नाही. २०२१ ला गाव महापालिकेत गेलं तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते. टँकर अजून येतोच. मेंटेनन्स विचाराल तेव्हा 'टँकर धरून का?' हेही विचारा. उन्हाळ्यात वेगळी वर्गणी निघते.

नगररोडचा_राजा: रडगाणं पुरे. रामवाडी-वाघोली मेट्रोला २०२५ मध्येच केंद्राची मंजुरी मिळालीये. आत्ता घ्या, भाव डबल होणार.

टँकरग्रस्त: मंजुरीत बसून ऑफिसला जाता येत नाही हो.

हिशेबी_काकू: दर कार्पेटवरच, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवरच विचारा, जिना-लिफ्टचा वाटा धरून फुगवलेलं 'सेलेबल' सांगणाऱ्याला तिथेच थांबवा. बांधकाम चालू असेल तर या किमतीला ५ टक्के जीएसटी, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला नाही. मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के. एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत तर ६. तुमचं नाव घुसवलंत की सवलत गेली.

बाजीराव_रोडवाला: पेठेत गाडी लावून दाखवा! रोज रात्री तीन चकरा मारतो. गणपतीत तर गाडी मेव्हण्याकडे कर्वेनगरला.

नगररोडचा_राजा: आणि ते ढोल?

बाजीराव_रोडवाला: ढोलांना काही बोलायचं नाही.

वाड्यातला: जिन्याचं सोडा, जागा कुणाच्या नावावर आहे ते बघा. आमच्या इमारतीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जागा सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नव्हतं. मूळ मालकाच्या चार वारसांतला एक सही देईना, पुनर्विकास नऊ वर्षं लटकला. सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक काढा. शिवाय इमारत जुनी म्हणून बँक कर्जाला हात आखडते, टोकन द्यायच्या आधी विचारून घ्या.

घाईत_आहे: वर कुणी लिहिलंय का वाचलं नाही, पण घर बायकोच्या नावावर घ्या.

दोन_टोकं: आभार सगळ्यांचे. पत्रक काढलं, जागा सोसायटीच्या नावावर आहे. बँकेचंही जमतंय. शनिवारी आईला दोन्ही घरं दाखवली. वाघोलीत लिफ्टनं सातव्या मजल्यावर गेली, गॅलरीतून खाली बघून म्हणाली, "वाणी कुठेय?" पेठेत दुसऱ्या मजल्यावरच दम लागून पायरीवर बसली. शेजारच्या आजींनी पाणी आणून दिलं, मग दोघींची हुजूरपागा शाळेतली एक मैत्रीण निघाली. अर्धा तास मी जिन्यात उभा. टोकन दिलं. बायको मंडईहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून रामवाडी, पुढे रिक्षा करणार. कुरकुरतेय.

जुना_कोथरूडकर: आणि आईंचे गुडघे? कोथरूडला लिफ्टवाले आहेत अजून.

बाजीराव_रोडवाला: गाडी कुठली आहे तुमच्याकडे?