बोल्टकास्टर निरुपयोगी नाही
‘प्रे’ (२०१७) या व्हिडिओ गेममधला हंट्रेस बोल्टकास्टर, म्हणजे फोमचे बाण मारणारं धनुष्य, नुसतं खेळणं आहे, त्याने शत्रूला काहीच होत नाही, असं म्हटलं जातं. इजा होत नाही हे खरं, पण तो टाकून देऊ नका. गेम जिथे घडतो त्या टॅलोस १ या अंतराळस्थानकावरचे संगणक टचस्क्रीनचे आहेत आणि फोमचा बाण स्क्रीनवर बसला की बोटाने दाबल्यासारखाच धरला जातो. बंद खोलीच्या खिडकीला फट असेल तर बाहेरूनच आतल्या स्क्रीनवरचं दार उघडायचं बटण टिपता येतं. किल्ली नको, हॅकिंग नको! गेम बनवणाऱ्या आर्केन स्टुडिओची ही कल्पना मला प्रचंड आवडते.

गेममधली फेस मारणारी बंदूक, ग्लू कॅननही फक्त मिमिक या परग्रही शत्रूला थिजवायला नाही. त्याच्या फेसाने आग विझते, आणि भिंतीवर मारला तर घट्ट होऊन चढायला पायऱ्या होतात.