मदत हवी आहे: विद्यापीठाचा मेल जीमेलवरून आउटलूकवर, जुने मेल कसे न्यावेत?

नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांचा मेल गूगलवरून मायक्रोसॉफ्टवर नेला आहे. पत्ता तोच, पण जुने मेल आपले आपण हलवायचे आणि सत्र संपल्यावर जुनं खातं बंद. गोव्यातल्या कोणी हे केलं असेल तर सांगा.

गूगल टेकआउटमधून (गूगलवरचा आपला डेटा उतरवायची सोय) फक्त मेल निवडून एमबॉक्स फाइल (सगळे मेल एकत्र असलेली) उतरवली. नवं आउटलूक ती उघडत नाही. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये 'इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी' अ‍ॅड-ऑन घालून फाइल आत घेतली, नवं खातं आयमॅपने (सर्व्हरवरच्या मेलशी जोडायची पद्धत) जोडलं (ऑथेंटिकेशन ओऑथ२, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पानावरून लॉगिन, ठेवा, साधा पासवर्ड मायक्रोसॉफ्ट घेत नाही) आणि फोल्डर ओढून टाकले. दोन-तीनशे मेल एकदम ओढले तर जातात. हजारभर ओढले की मध्येच अडकतं, परत ओढलं की डबल मेल. हे टाळायचं कसं? जीमेलची लेबलं फोल्डर म्हणून नेता येतात का?

दुसरं, नव्या खात्यातून खासगी जीमेलवर ऑटो-फॉरवर्ड लावलं की ५.७.५२० एररचा मेल येतो. म्हणजे बाहेर फॉरवर्ड करणं अ‍ॅडमिननेच बंद ठेवलंय ना? की विद्यार्थ्याच्या हातात काही आहे?

आणि लॉगिनचं. सत्तरी, काणकोण या गोव्यातल्या तालुक्यांत घरी रेंज जेमतेम, एसएमएसचा कोड येईतो त्याची मुदत संपते. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड नेटशिवाय चालतो, पण लॉगिनच्या पानावर तो पर्यायच दिसत नाही. कुठून चालू करायचा?

'आयटी सेलला विचारा' सोडून काहीही सांगा, तिथली रांग पाहिलीय.