मदत हवी आहे: टी2 कॅम्परच्या तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह

जर्मनीतल्या मंडळींपैकी कोणी एअर-कूल्ड फोक्सवॅगन सांभाळतंय का? गाडी 1974 ची टी2 वेस्टफालिया, 1600 सीसी. रेडिएटर नाही, कॉम्प्युटर नाही, बरीचशी कामं पाने आणि फीलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घरीच होतात. अशी गाडी घेण्याचं खरं कारण तेच. (30 वर्षांवरच्या गाडीला एच, म्हणजे ऐतिहासिक गाडीची, नंबरप्लेट मिळू शकते, हा वरचा फायदा.)

इंजिन पूर्ण थंड असताना सगळ्या व्हॉल्व्हचं अंतर (व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या रॉकरमधली फट) 0.15 मिमीवर लावलं. 1000 किमीनंतर तिसऱ्याच्या एक्झॉस्टचं अंतर 0.08 उरलंय, बाकी सात जागच्या जागी. व्हॉल्व्ह ताणला जातोय की त्याची सीट (बंद होताना तो जिथे टेकतो ती कडी) आत बसतेय, हे सिलिंडर हेड न उतरवता कळेल का? हेडसाठी इंजिन खाली घ्यावंच लागतं, म्हणून आधी लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते पाहणं) करावी म्हणतो. व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टनसकट हेड जातं, त्यामुळे तूर्त गाडी उभीच आहे.

इंजिनाभोवतीचं सीलिंग रबर मागच्या बाजूला फाटलंय. खालची गरम हवा तिथून पंख्यात ओढली जाते, पण तेवढ्याने एकच व्हॉल्व्ह बिघडेल हे पटत नाही. फक्त व्हॉल्व्ह आणि गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) बदलून भागतं, की दोन्ही हेड नवीनच घ्यावेत?