फक्त ‘स्वच्छ’ आहे म्हणून पुस्तक-सिनेमा सुचवायचा का?

पारखी

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुस्तक किंवा सिनेमा सुचवला की पहिला प्रश्न ठरलेला: शिव्या, अंगप्रदर्शन, मारामारी नाही ना? नसेल तर तो विश्वासाला पोषक. ही चाळणी अपुरी आहे. बायबलमधल्या फिलिप्पै ४:८ मधली यादी ‘जे काही सत्य’ इथून सुरू होते, ‘शुद्ध’ त्यानंतर येतं. २०१० मध्ये एका मुलाच्या स्वर्गदर्शनाचं पुस्तक आलं आणि ख्रिस्ती घरांत भरपूर वाचलं गेलं. आक्षेप घ्यावा असं त्यात एक वाक्य नव्हतं. २०१५ मध्ये त्या मुलानेच सांगितलं की असं काही घडलं नव्हतं, आणि प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं.

म्हणून शिफारशीसोबत तीन ओळी लिहाव्यात. यातलं पवित्र शास्त्रातलं किती, इतिहासातलं किती, लेखकाच्या कल्पनेतलं किती. कोणता प्रसंग जड जाईल, तो नेमका कुठे आहे. आणि हे कोणाला देऊ नये. ‘प्रेरणादायी’, ‘हृदयस्पर्शी’ ही विशेषणं गाळली तरी वाचणाऱ्याचं काही अडत नाही.

रविवारशाळा

सत्याबद्दल दुमत नाही, पण स्वच्छतेची चाळणी इतकी हलक्यात काढू नका. पाळक किंवा शिक्षक एखादी गोष्ट सुचवतात तेव्हा ऐकणाऱ्याला ती परवानगी वाटते. बायबलमध्येच १ करिंथ ८ मध्ये प्रेषित पौल मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल हेच सांगतो: खाण्यात दोष नाही हे ज्याला कळतं, त्यानेही दुर्बळ भावासाठी हात आवरावा. बारा वर्षांचं मूल तुमच्या तीन ओळी वाचणार नाही, पडद्यावरचं तेवढं घेऊन जाईल.

‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ (२००४) घ्या. विषय प्रभूचं दुःखसहन, म्हणून युवक सभेत बिनदिक्कत लावतात. अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच पाहायचा. विषय पवित्र असला म्हणून रक्त कमी दिसत नाही. आधी वयाची मर्यादा ठरवा, मग तुमच्या ओळी.

पारखी

हेच उदाहरण पहिली ओळ का हवी ते दाखवतं. फटक्यांचा उल्लेख मत्तय २७:२६ आणि मार्क १५:१५ मध्ये अर्ध्या वाक्यात उरकला आहे, योहान १९:१ मध्ये एका छोट्या वचनात. सिनेमात तो प्रसंग मिनिटांमागून मिनिटं चालतो, आधी काठ्या, मग चाबूक. क्रुसावरच्या एका गुन्हेगाराचा डोळा कावळा टोचतो, हे कोणत्याही शुभवर्तमानात नाही. बरेच तपशील अॅना कॅथरिना एमेरिक या जर्मन ननच्या दर्शनांच्या पुस्तकातून आले आहेत. वेरोनिका रुमाल पुढे करते ते कॅथलिकांना क्रुसाच्या वाटेच्या भक्तीतून ठाऊक असतं; प्रॉटेस्टंट तरुण घरी जाऊन ते वचन शोधत बसतो. हे आधी सांगितलं तर सिनेमा पाहायला हरकत नाही. न सांगितल्यास पुढची कित्येक वर्षं त्याच्या डोक्यात शास्त्राच्या जागी ती चित्रं राहतात.

फक्त शास्त्राचा मजकूर हवा असेल तर ‘जीझस’ (१९७९) लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला आहे आणि दोन हजारांहून जास्त भाषांत उपलब्ध आहे. नव्या माणसासाठी तो आधी.

जुनीरीळ

पहिल्या ओळीचा अतिरेक नको. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ (१९८१) मध्ये धावपटू एरिक लिडलला, जो श्रद्धेपोटी रविवारी धावत नसे, १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आहे हे जहाजावर चढताना कळतं. खरं तर त्याला ते कित्येक महिने आधी माहीत होतं. त्याने ४०० मीटरची तयारी केली आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्ण मिळवलं. ही चूक सांगावी, पण तेवढ्यावरून सिनेमा यादीतून काढू नये. उलट शांतपणे घेतलेला निर्णय आणि मग काही महिन्यांचा सराव, हे जहाजावरच्या नाट्यापेक्षा तरुणांच्या जास्त कामाचं आहे.

आणि ‘ख्रिस्ती माणसाने बनवलेलंच हवं’ हा हट्ट तर सोडाच. इटालियन दिग्दर्शक पाझोलिनी मार्क्सवादी, ईश्वर न मानणारा. त्याच्या १९६४ च्या सिनेमात संवाद मत्तयच्या शुभवर्तमानातून घेतलेले आहेत. सिनेमाच्या शंभरीनिमित्त व्हॅटिकनने १९९५ मध्ये ४५ सिनेमांची यादी काढली, धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन गटांत, प्रत्येकी १५. त्यात तो धर्माच्या गटात आहे, आणि ‘गांधी’ मूल्यांच्या.

पानखूण

पुस्तकांचं बोलतो. सी. एस. लुईसचं ‘द स्क्रूटेप लेटर्स’ (१९४२) म्हणजे एका वरिष्ठ सैतानाने शिकाऊ भाच्याला लिहिलेली ३१ पत्रं आहेत. त्यात ‘शत्रू’ म्हणजे देव. हे न सांगता नवख्याच्या हातात दिलं तर तो सल्ला सरळ वाचतो आणि गोंधळतो. दिवसाला एक पत्र, आणि प्रत्येक पत्रानंतर ‘हा सल्ला उलटा केला तर काय?’ एवढं वहीत लिहायला सांगावं.

त्याच लेखकाची मुलांसाठीची नार्नियाची सात पुस्तकं देताना क्रमांक बघून देऊ नका. आताच्या संचांवर ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला क्रमांक असतो, पण ते १९५५ चं. १९५० च्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’मध्ये अस्लानचं नाव पहिल्यांदा निघतं तेव्हा निवेदक म्हणतो की तो कोण हे मुलांनाही तुमच्याइतकंच अनोळखी आहे. ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ आधी वाचलेल्याला ते वाक्य लागूच होत नाही.

जगाच्या शेवटच्या काळावरच्या कादंबऱ्या देताना त्यामागचं मत सांगा. शेवटच्या मोठ्या संकटांच्या क्लेशकाळाआधी मंडळी स्वर्गात उचलली जाईल ही एक शिकवण आहे, सगळ्या मंडळ्यांची नाही. कॅथलिक पुस्तकावरचं ‘इम्प्रिमातुर’ही (छापण्याची चर्चची परवानगी) नीट समजून घ्या: श्रद्धा आणि नीतीच्या शिकवणीविरुद्ध त्यात काही आढळलं नाही, एवढंच ते सांगतं, परवानगी देणाऱ्याला लेखकाची सगळी मतं पटली असा त्याचा अर्थ नाही.

रविवारशाळा

पानखूण यांची पद्धत एकेका वाचकासाठी ठीक आहे. गटाला सिनेमा दाखवायचा तर कामं वेगळी. दाखवणाऱ्याने आधी पूर्ण पाहायचा, ट्रेलरवर भागवायचं नाही. जड प्रसंगांची मिनिटं टिपायची आणि पालकांना आधी कळवायची. सभेत दाखवण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते, घरगुती स्ट्रीमिंग खात्याच्या अटी त्याला पुरत नाहीत. संपल्यावर चर्चेला अर्धा तास राखून ठेवायचा. तो नसेल तर लांब सिनेमा घेऊच नये.

आणि ‘सायलेन्स’ (२०१६) सारखा सिनेमा तीन ओळींत कसा बसवणार? १६१ मिनिटं. सतराव्या शतकातल्या जपानात छळ होणाऱ्या ख्रिस्ती लोकांना वाचवण्यासाठी धर्मगुरूने ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय द्यायचा का, हा प्रश्न. ज्याचा विश्वास आधीच डळमळतो आहे त्याला हे देणं मला धोक्याचं वाटतं. जाहीर यादीत तो घालू नये.

पारखी

जाहीर यादीत नको, मान्य. पण डळमळणाऱ्याला कधीच नको, हे मान्य नाही. देव गप्प का, हा प्रश्न त्याच्या मनात सिनेमाच्या आधीपासून असतो, स्तोत्र २२ ची सुरुवातच तिथून होते. त्याला एकट्याने पाहायला सांगू नका. सोबत बसा, आणि आधी ते स्तोत्र शेवटपर्यंत वाचा.

रविवारशाळा

सोबत बसणारा असेल तर. आपल्या याद्या मात्र हातोहात पुढे जातात, आणि बसणारा माणूस त्यांच्याबरोबर जात नाही.