आपल्या देशाला हिब्रूत 'टर्की' म्हणतात आणि आपण गप्प?

मिरजेचा तंबोरा (धागाकर्ता)

भाच्याला कंपनीनं तेल अवीवला पाठवलंय. परवा त्यानं एका दुकानातल्या फ्रीजचा फोटो पाठवला. ओळीनं मांसाची पाकिटं, प्रत्येकावर चारच हिब्रू अक्षरं: हे, वाव, दालेत, वाव. खाली त्यानं लिहिलेलं, "मामा, आपला देश किलोवर विकायला ठेवलाय."

हिब्रूत भारताला 'होदू' म्हणतात. टर्की या पक्ष्यालाही 'होदू'. पूर्ण नाव 'तार्नेगोल होदू', म्हणजे होदूचा कोंबडा. पण बोलताना कोंबडा गळतो आणि उरतो तो देश. हॉटेलात कुणी होदू मागवला, तर माणूस विमानाचं तिकीट मागत नसतो.

थट्टा म्हणून सोडून देता आलं असतं. पण हा अपमान आहे. इंग्रजीतल्या याच पक्ष्याशी नाव जुळतं, हे तुर्कस्तानला खुपत होतं. २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांत 'तुर्कीये' असं अधिकृत नाव लावून घेतलं. आयव्हरी कोस्टनं आपल्या नावाचं भाषांतर करू नका, कोत दिव्वारच म्हणा, असं जगाला बजावलं. जॉर्जियाच्या विनंतीवरून जपाननं २०१५ मध्ये 'गुरुजिया' टाकून 'जोजिया' धरलं. आपल्या घटनेच्या पहिल्याच कलमात 'भारत' आहे. मग हिब्रूत तेच म्हणा, एवढं सांगायला कसली भीड?

काहीजण म्हणतात, होदूचा दुसरा अर्थ 'आभार माना' असा आहे, बायबलच्या स्तोत्रांत येतो. मला ते उत्तेजनार्थ बक्षीस वाटतं. मतं येऊ द्या.

शब्दवेल्हाळ

साफ असहमत. आधी एक चिमटा: हिब्रूनं आपलं ऐकावं म्हणता आणि स्वतः 'तुर्कस्तान' लिहिता. त्यांची विनंती तुमच्यापर्यंत पोचली नाही वाटतं.

आता मुद्दा. होदू हे कुणी ठेवलेलं टोपणनाव नाही, ती आपली सिंधू आहे. सिंधूचा स इराणी बोलींत ह झाला, जसा सप्ताहचा हफ्ता झाला. दारयवहूच्या (इराणचा बादशहा, हाच तो डरायस, इ.स.पू. ५२२ ते ४८६) शिलालेखांत तो प्रांत 'हिंदूश' आहे. जुन्या फारसी कीललिपीत व्यंजनाआधीचा अनुनासिक लिहायची रीतच नव्हती, त्यामुळे कोरलेलं दिसतं 'हिदुश'. शेजारच्याच एलामी पाठात मात्र न स्पष्ट आहे.

हिब्रूत हा शब्द गेला आणि न पुढच्या द मध्ये विरघळला. बायबलमधलं रूप नीट पाहा, 'होद्दू' आहे. द च्या पोटातला ठिपका दुहेरी उच्चार दाखवतो. हिब्रूत हे रोजचंच. देणे या अर्थाचा धातू 'न-त-न', पण 'तो देईल' म्हणताना 'यिन्तेन' न होता 'यित्तेन' होतं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. भक्तचा भत्त आणि मग भात, दुग्धचा दुद्ध आणि मग दूध करून आपण रोज जेवतोच की.

तिकडे आयोनियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कीयेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, ग्रीकांच्या तोंडून ह गळाला, इंडोस झालं, त्यावरून इंडिया. अरबांनी ह आणि न दोन्ही राखले, अल-हिंद. म्हणजे इंडियाचा ह गेला, होदूचा न गेला, भावंडंच आहेत. एकाला घरात घ्यायचं आणि दुसऱ्याला हाकलायचं, हे कसं?

आणि 'भारत' हिब्रूत लिहून काय होईल? त्यांच्याकडे भ नाही. 'बारात' होईल. मग काढा वरात.

खडूस काका

शब्दवेल्हाळ, व्युत्पत्ती छान, पण तीच तुमच्या अंगाशी येते. हिंदूश हा प्रांत कुठला? सिंधूच्या खालच्या खोऱ्यातला. ती जमीन आज पाकिस्तानात. बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात इराणचा राजा अहश्वेरोशचं राज्य 'होदूपासून कूशपर्यंत' १२७ प्रांतांचं सांगितलंय. त्या होदूत ना पाटलीपुत्र, ना पैठण, ना तुमची मिरज. एका सरहद्दीच्या सुभ्याचं नाव अख्ख्या देशाला चिकटवलं, तेही सुभा ताब्यात असलेल्या बादशहाच्या दफ्तरातून. धागाकर्त्याचं पक्ष्याचं रडगाणं मला पोरकट वाटतं, पण नाव बदला या मागणीला माझं +१. दुसऱ्याच्या महसूल खात्यानं दिलेलं नाव कशाला मिरवायचं?

अपरान्त

काका, महसूल खात्याचं म्हणताय ते खरं आहे, पण सातबारा शेवटपर्यंत वाचा.

१९३३ मध्ये इराणात पर्सेपोलिसला दारयवहूच्या दरबारी महालाच्या पायात सोन्याचांदीचे पत्रे सापडले. त्यांवर राज्याच्या चतुःसीमा आहेत: मध्य आशियातल्या सोग्दच्या पलीकडल्या शकांपासून कूशपर्यंत, आणि हिंदूशपासून स्पार्दापर्यंत. या एका वाक्यातली तीन नावं हिब्रू बायबलमध्ये भेटतात. कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा नाईलकाठचा मुलूख. हिंदूश म्हणजे होदू. आणि स्पार्दा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं (सवयीनं लिहिलं, माफी) सार्दिस शहर. ओबद्याच्या पुस्तकातलं 'सफाराद' ते हेच, असं बहुतेक अभ्यासक धरतात.

आज हिब्रूत सफाराद म्हणजे काय? स्पेन! त्यावरूनच सेफार्दी ज्यू. सार्दिसहून नाव उचललं आणि भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. ओबद्याच्या त्याच ओळीतलं 'सारफात' हे लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं गाव, आज तो फ्रान्स आहे. अश्केनाज मध्ययुगात जर्मनी झाला. त्या मानानं होदू फारच घरकोंबडी, जागा सोडली नाही, फक्त अंगानं वाढली. सिंधूपासून सुरू होऊन सगळा देश व्यापला, एवढंच. इंडियाचंही तेच झालं. हिंदुस्थानाचंही. काकांच्या हिशेबानं 'हिंदू' हा शब्दही परत करावा लागेल.

आणि आपण काय केलं तेही बघा. ग्रीकांना हिब्रू आजही 'यावान' म्हणतात. हा आपला यवन. जुन्या फारसीत यौना, अरबीत यूनान, सगळं आयोनियावरून. त्यांनी तो शब्द ग्रीकांपाशीच ठेवला. आपण मात्र अलेक्झांडर गेल्यावर तो मोकळा ठेवला आणि बखरी लिहायची वेळ आली तेव्हा मुसलमानांना लावला. अथेन्सहून अजून निषेधाचा खलिता आलेला नाही.

मिरजेचा तंबोरा

शब्दवेल्हाळ, तुर्कस्तानचा चिमटा मान्य. पुढच्या वेळी तुर्कीये लिहीन.

पण सगळे सिंधूत पोहताय आणि कोंबड्याला काठावर सोडलंय. नाव सिंधूवरून आलं, ठीक. पक्षी कुठून आला? तो आपल्याकडचा नाही ना? मग त्याच्या गळ्यात आपली पाटी का? आणि काकांनी पोरकट म्हटलं, तर काका, लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात 'होदू' म्हणून पक्षी छापतात. शब्दाची पहिली ओळख तिथे होते.

पेरूवाला

कोंबड्याचं मी सांगतो, आयडीचा धर्म पाळतो.

पक्षी मेक्सिकोचा. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या नावावरून मेक्सिकोत आजही त्याला 'ग्वाहोलोते' म्हणतात. कोलंबसाला वाटलं आपण इंडीजला पोचलो. त्या गोंधळात तिकडून आलेली चीजवस्तू 'इंडियाची' ठरली. फ्रेंचांची 'दांद' म्हणजे 'द'आंद', इंडियाची. पोलिश 'इंदिक', रशियन 'इंदेइका', युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेत 'इंडिक'. हिब्रूतला होदूचा कोंबडा हा त्याच माळेतला मणी, युरोपातल्या भाषांवरून बेतलेला. डचांची तर कमाल, त्यांना 'इंडिया' फार मोघम वाटलं असावं. त्यांचा 'काल्कून' म्हणजे थेट कालिकतचा (आजचं कोळिकोड) कोंबडा! स्वीडिश-डॅनिशमध्येही तेच. कोळिकोडकरांनी धागा काढल्याचं ऐकिवात नाही.

इंग्रजांनी त्याला तुर्की ठरवलं. आणि तुर्कांनी? त्यांच्या भाषेत पक्ष्याचं नाव आहे 'हिंदी'. २०२२ मध्ये देशाचं नाव दुरुस्त केलं, कोंबडा हिंदीच राहिला. तंबोराभाऊ, ज्यांचं उदाहरण दिलंत ते स्वतः आपल्याला रोज पातेल्यात घालतात.

आता गंमत. हिंदुस्थानात हा 'हिंदी' पक्षी आला तेव्हा त्याला कुणी ओळखलंच नाही. १६१२ च्या सुमारास मुकर्रब खानानं गोव्याहून जहांगीरसाठी अजब जनावरं नेली, त्यात हा होता. याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, असं जहांगीर लिहितो. मग दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरनं त्याचं चित्र काढलं. गळ्याखालची लाल-निळी लोंबती कातडी अशी रंगवलीय की हात लावावासा वाटतो. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या गोव्यातले पोर्तुगीज या पक्ष्याला काय म्हणत? 'पेरू'! देशावरून. आणि आपण पेरू म्हणून खातो ते फळ. पेरू देशाचा वकील मंडईत 'पेरू घ्या, गोड पेरू' ऐकून बेशुद्ध पडेल का, एवढंच बघायचं बाकी आहे.

शब्दवेल्हाळ

पेरूवाला, फळाचा पेरू देशावरून की पोर्तुगीज 'पेरा' (नासपती) वरून, यावर वाद आहे. मी पेराच्या बाजूचा.

पेरूवाला

वेगळा धागा काढा, मीठमसाला घेऊन येतो.

रेवदंडा ते लोद

बरेच दिवस वाचनमात्र होते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडच्या अष्टागराचे. आजोबा इस्रायलला आले, तेव्हापासून इथेच. घरात अजून मराठी आहे, थोडी गंजलेली, सांभाळून घ्या.

आधी 'आभार माना' बद्दल. 'होदू लादोनाय की तोव', परमेश्वराचे आभार माना, तो भला आहे, हे १३६ वं स्तोत्र. तिथला होदू हे क्रियापद, आज्ञार्थ अनेकवचन. देशाशी काही संबंध नाही. वर शब्दवेल्हाळ यांनी सांगितलंच, देशाच्या नावात द दुहेरी आहे, स्तोत्रात एकेरी. बायबलमध्ये लिहिण्यातही फरक, देशाच्या नावात पहिला वाव नाही. आजच्या साध्या लिपीत मात्र दोन्ही सारखेच दिसतात. पण म्हणून ते उत्तेजनार्थ बक्षीस नाही हो तंबोराभाऊ. माझी आजी सकाळच्या प्रार्थनेत ते वाक्य आलं की डोळे मिटून थोडी थांबायची. तिला व्याकरण येत नव्हतं असं नाही.

दुसरं, हिब्रूनं हा शब्द दोनदा घेतलाय. मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, योम किप्पुरच्या (प्रायश्चित्ताच्या) दिवशी जेरुसलेमच्या मंदिरातल्या महायाजकानं काय नेसायचं ते दिलंय. सकाळी इजिप्तच्या पेलुसियमचं तलम कापड, दुपारी 'हिंदवीन', हिंदचं. रब्बी मेईर त्याची किंमत ८०० झूज (चांदीची नाणी) सांगतात. इथे न शाबूत आहे. वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवशी मंदिराच्या गाभाऱ्याशी गेलेला शब्द आहे हा. दुकानातल्या फ्रीजचा फोटो पाहिलात, हेही पाहा.

आता जे खरं बोचतं ते. इथे आमच्या लोकांना 'होदी' म्हणत, म्हणजे होदूचे, आणि त्यात कधीकधी काटा असे. १९६० च्या दशकात इथल्या धर्मपीठानं आमच्या लग्नांसाठी पिढ्यानपिढ्यांची चौकशी लावली होती. लोक धरणं देऊन बसले, १९६४ मध्ये ती मागे घेतली गेली. त्या काळात 'होदी' ऐकून मान खाली घालणारी माणसं मी पाहिलीत. पण टर्कीचं नाव तेच आहे म्हणून नव्हे. देशाचं नाव 'बारात' असतं तर 'बाराती' म्हणून हिणवलं असतं. आज लष्करातली नोकरी संपली की इथली पोरं पाठपिशवी घेऊन होदूला पळतात, आणि तोच शब्द त्यांच्या तोंडी सुटीसारखा वाजतो.

तुम्ही नाव बदलायला लावलंत तर कागदावर बदलेल. माझ्या घरात बदलणार नाही.

खडूस काका

ताई, तुमच्या अनुभवापुढे माझी हरकत नाही. पण तत्त्वाचा प्रश्न राहतोच. नाव कुणाचं? ज्याला हाक मारतात त्याचं, की हाक मारणाऱ्याचं?

अपरान्त

काका, आपले जुने कागद बघा. डच म्हणजे वलंदेज, फ्रेंच म्हणजे फरासीस, डेन्मार्कवाला डिंगमार. त्यांना विचारून ठेवली होती का? जिभेला जमलं तसं म्हटलं.

खडूस काका

वलंदेज नावाचा मासा विकत नव्हतो आपण.

पेरूवाला

😄 हे मात्र काकांना दिलं.

रेवदंडा ते लोद

होदू नक्की कुठे, यावरही जुनं भांडण आहे. तलमूद या धर्मग्रंथाच्या मगिल्ला भागात तिसऱ्या शतकातले धर्मपंडित राव आणि श्मुएल 'होदूपासून कूशपर्यंत' या शब्दांवर वाद घालतात. एकजण म्हणतो, होदू जगाच्या या टोकाला आणि कूश त्या टोकाला. दुसरा म्हणतो, छे, दोघं शेजारी-शेजारी. पण या दोघांवर जसं राज्य केलं तसं सगळ्या जगावर केलं.

मी लोदमध्ये राहते. बाजारात आमच्या दुकानदाराकडे तो पक्षी 'होदू', आणि पलीकडच्या अरबी बोलणाऱ्या खाटकाकडे 'हबश', म्हणजे हबसाणाचा, जवळजवळ कूशचाच. दोन्ही दुकानांत सहा पावलांचं अंतर आहे. शेजारी म्हणणारा बरोबर निघाला म्हणायचा.

मिरजेचा तंबोरा

ताई, हे वाचून हसलो, आणि तुमच्या आजीचं वाचून थांबलोही. माझी मागणी मागे घेत नाही, पण 'अपमान' हा शब्द मागे घेतो. सरकारी पत्रव्यवहारात भारत यावं असं मला अजूनही वाटतं. घरात कोण काय म्हणेल त्यात मी पडत नाही.

एक अवांतर. भाच्यानं ते पाकीट विकत आणलंय. मिरजेहून नेलेला कांदा-लसूण मसाला आहे त्याच्याकडे. विचारतोय, होदूचं कालवण करायचं तर मांस दह्यात मुरवू का?

रेवदंडा ते लोद

दही नको. मांसात दूधदुभतं आम्हाला चालत नाही, आणि त्याच्या घरी कुणी ज्यू मित्र जेवायला यायचा असेल तर पंचाईत होईल. नारळाचं दूध घाला, आमच्याकडे सगळ्या रश्शांना तेच. टर्कीचं मांस कोरडं असतं, मांडीचा भाग घ्यायला सांगा, आणि कोकम शेवटी.